महाविद्यालयातील भेदभाव व छळ : प्रतिबंध आणि निवारण (सोलापूर)

जात, धर्म, लिंग, भाषा, अपंगत्व किंवा आर्थिक परिस्थिती यांवरून महाविद्यालयात कुणाला कमी लेखले जाऊ नये, कुणाचा लैंगिक, शारीरिक वा मानसिक छळ होऊ नये आणि झालाच तर ठरल्या मुदतीत त्याची चौकशी व्हावी, यासाठी कायद्यांनी व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी लावून दिलेली व्यवस्था. समित्यांचे फलक बहुतेक महाविद्यालयांत लागलेले असतात. व्यवस्था जिवंत आहे की नाही, हे मात्र तक्रार आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कळते. तक्रार योग्य ठिकाणी गेली का, तिची वाच्यता झाली का आणि तक्रारदाराला त्याच वर्गात, त्याच माणसासमोर पुन्हा बसावे लागले का, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

स्थानिक स्वरूप

शहराच्या पूर्वभागातील तेलुगू घरे, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडची कन्नड बोलणारी गावे, दखनी बोलणारे मोहल्ले आणि मराठी वस्त्या या सगळ्यांतली मुले येथे एकाच वर्गात बसतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाची, विड्या वळणाऱ्या आईची मुलगी अनेकदा घरातली पदवीला आलेली पहिलीच असते. छळाची सुरुवात पुष्कळदा बोलण्याच्या हेलाची नक्कल, आडनावावरून जात काढणे, कपड्यांवरून शेरे अशा गोष्टींनी होते आणि ती चेष्टामस्करी म्हणून सोडून दिली जाते. आयोगाच्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने जात, धर्म, रंग, लिंग, भाषिक ओळख, जन्मस्थान, आर्थिक पार्श्वभूमी अशा कारणांवरून दिलेला शारीरिक वा मानसिक त्रासही रॅगिंगमध्ये धरला आहे. तेव्हा हेलावरून रोज चिडवणे हा दखल घेण्याजोगा प्रकार आहे.

तालुक्यांतून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळी. समितीची बैठक दुपारी उशिरा ठेवली की गावाकडची गाडी चुकते, घरी कारण सांगावे लागते आणि मुलगी तक्रारच मागे घेते. बैठकीची वेळ तक्रारदाराला विचारून, तासांच्या मधल्या वेळेत ठेवावी. जबाब ज्या भाषेत दिला त्याच भाषेत, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा. मराठी भाषांतर मागाहून जोडता येते. कन्नड किंवा तेलुगूतला अपशब्द सौम्य मराठीत उतरवला की पुरावाच पातळ होतो.

तक्रार कोणत्या वाटेने जाते

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. प्राचार्यांकडे आलेला प्रत्येक अर्ज एकाच ‘तक्रार निवारण’ फाइलीत ठेवला जातो आणि मुदती उलटून जातात. म्हणून अर्ज हातात पडताच चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वय. वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीची मुले असतात आणि त्यांतील बहुतेक १८ वर्षांखालची असतात. त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. समितीने आधी चौकशी करून खातरजमा करण्याची वाट पाहणे हाच गुन्हा ठरू शकतो. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याचे कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पालकांनी ‘बोभाटा नको’ म्हटले तरी ही जबाबदारी टळत नाही.

दुसरी, रॅगिंग. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ प्रमाणे संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करावे आणि तक्रार पोलिसांकडे पाठवावी. हयगय केल्यास त्याने अपराधाला साथ दिली असे मानले जाते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. आयोगाचे २००९ चे विनियम अधिक घाई करायला लावतात : गुन्हा घडल्याचे दिसत असेल तर २४ तासांत पोलिसांत जायचे. व्यवहारात हीच मुदत पाळावी. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२.

तिसरी, जातीय वा अन्य भेदभाव. त्यासाठी आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांनुसार समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी असतो आणि त्याने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याचा लोकांसमक्ष जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत जाण्याचा त्याचा हक्क वेगळा आहे. ‘आधी आमच्याकडे मिटवू’ असे म्हणण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही.

चौथी, लैंगिक छळ. अशा तक्रारीची वाट अंतर्गत तक्रार समितीकडे.

अंतर्गत तक्रार समिती

सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा खटल्यातील १९९७ च्या निकालातून निघालेला हा मार्ग कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाने पक्का झाला आणि आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी महाविद्यालयांसाठी तपशीलवार आखला. पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीची प्रमुख, सहयोगी प्राध्यापकाहून कनिष्ठ नसलेली महिला असावी. तशी कुणी नसल्यास दुसऱ्या विभागातून वा संस्थेतून नेमता येते. तिच्यासोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी व स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील एक बाहेरचा सदस्य असतो. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती सदस्य होऊ शकत नाहीत. तरीही विभागप्रमुखांची नावे यादीत सर्रास दिसतात, कारण ‘अनुभवी माणूस हवा’. अशा समितीने केलेली चौकशी पुढे न्यायालयात टिकत नाही आणि त्याची किंमत तक्रारदार स्त्री मोजते. बाहेरच्या सदस्याच्या जागी संस्थाचालकांच्या ओळखीचे नाव घालणे हा याच जातीचा दोष.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची मदत समितीने करायची. अधिनियमाखालील नियमांत सहा प्रती मागितल्या आहेत. त्या काढायला मुलीला फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवू नये. समितीने स्वतःच्या यंत्रावर काढाव्यात. कार्यालयातील आवक नोंदवहीत नाव व विषय लिहिला की अर्ध्या तासात तो स्टाफरूममध्ये पोचतो. बंद पाकीट घेऊन फक्त क्रमांक टाकावा आणि पीठासीन अधिकाऱ्याने तारीख घालून पोच द्यावी. ही पोच तक्रारदाराजवळ असलीच पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या मुदती तिच्यावरून मोजल्या जातात.

सात दिवसांत प्रत प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, त्यानंतर दहा दिवसांत त्याचे उत्तर, ९० दिवसांत चौकशी पूर्ण, पुढे दहा दिवसांत अहवाल आणि ३० दिवसांत व्यवस्थापनाची कारवाई. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. उलटतपासणी समोरासमोर न घेता प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारणे चांगले. घाईही घातक ठरते. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात समितीने बैठकांचा धडाका लावून बचावाची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा करायला लावली.

चौकशी चालू असताना संरक्षण देता येते आणि ते मागायची वाट न पाहता सुचवावे. प्रतिवादी शिक्षक असेल तर त्याच्याकडून तक्रारदाराचे अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक परीक्षा व वह्या तपासण्याचे काम लगेच काढून घ्यावे. प्रात्यक्षिकाचे गुण ही बहुतेक मुलींच्या गप्प राहण्यामागची खरी भीती असते. तासिका तत्त्वावरील शिक्षिकेची भीती पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची. कायदा हंगामी व कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तेवढेच संरक्षण देतो, हे त्यांना नेमणूकपत्रासोबत लेखी कळवावे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे गावातले शिबिर, युवा महोत्सव, सहल, क्रीडा स्पर्धा, महाविद्यालयाची बस या सगळ्या जागा विनियमांच्या कक्षेत येतात. शिबिराला निघण्यापूर्वी सोबतच्या शिक्षिकेचे नाव व समितीचा दूरध्वनी प्रत्येकाला द्यावा.

पुरावा

व्हॉट्सअॅपवरचे संदेश रागाने पुसू नयेत. त्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये क्रमांक, तारीख व गटाचे नाव दिसावे. मूळ फोन जपावा. सीसीटीव्हीवर जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून तक्रार आल्याच दिवशी त्या वेळेची नक्कल काढून ठेवावी. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. अधिनियमाच्या कलम १४ मध्ये हे स्पष्ट आहे आणि माहिती फलकावर ते ठळक लिहावे. समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच, आणि पैशांच्या मोबदल्यात कधीच नाही.

कार्यालयातील भेदभाव

याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जांची नावे वर्गात प्रवर्गासह वाचणे, ‘फ्रीशिपवाल्यांनी थांबा’ असे पुकारणे, फलकावर जातनिहाय याद्या लावणे हे रोजच्या कामाच्या ओघात घडते. वर्गात विद्यार्थ्यांची जात जाहीर करणे २०१२ च्या विनियमांनी निषिद्ध ठरवले आहे. याद्या अर्ज क्रमांकाने लावाव्यात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखल्या आहेत; लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळण्याचा अर्ज मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळीत केला जातो. तो सत्राच्या सुरुवातीलाच भरून घ्यावा.

दाद कुठे मागावी

समितीच्या शिफारशींविरुद्ध ३० दिवसांत संस्थेच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे अपील करता येते. तक्रार प्रत्यक्ष नियोक्त्याविरुद्धच असेल, म्हणजे संस्थेचा चालक वा सचिवच प्रतिवादी असेल, तर अंतर्गत समितीकडे जाण्यात अर्थ नसतो. महिला कर्मचाऱ्याने थेट जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. समितीच न नेमणाऱ्या नियोक्त्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाठलाग, विनयभंग, चोरून चित्रण हे भारतीय न्याय संहितेखालीही गुन्हे आहेत. समितीची चौकशी आणि पोलीस तपास एकमेकांसाठी थांबत नाहीत. घटना शहर आयुक्तालयाच्या हद्दीतली की ग्रामीण पोलिसांच्या, हा प्रश्न तक्रारदाराने सोडवायचा नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी पोलीस ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते, आणि तिची प्रत विनामूल्य मिळते.