डिजिटल हक्क व्यवस्थापन आणि जुनी उपकरणे

डिजिटल हक्क व्यवस्थापन (डीआरएम) म्हणजे चित्रपट वा मालिकेचा प्रवाह (स्ट्रीम) कूटबद्ध करून तो उलगडण्याची किल्ली केवळ मान्यताप्राप्त उपकरणालाच देणारी व्यवस्था. तिचा आरंभ 1996 च्या सुमारास डीव्हीडीसाठी आलेल्या सीएसएस या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीपासून सर्वसाधारणपणे मानतात. सध्या अँड्रॉइडवर वाइडव्हाइन, ॲपलच्या उपकरणांवर फेअरप्ले, तर विंडोज व अनेक स्मार्ट टीव्हींवर प्लेरेडी ही डीआरएम प्रणाली चालते.

जुन्या उपकरणावर चित्र खालच्या दर्जाचे का दिसते, याविषयी एकमत नाही. एका मताप्रमाणे दोष डीआरएमचा नसून मंद प्रोसेसरचा आणि एचईव्हीसी, एव्ही1 यांसारख्या नव्या कोडेकचा (चित्र लहान करून साठवण्याच्या व पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीचा) आहे. चित्र अडखळण्यापुरते हे मत पटते. परंतु 1080 ओळींचा पडदा आणि पुरेसा वेग असलेल्या फोनवरही चित्र 480 ओळींच्या आसपास थांबते, तेव्हा कारण बहुधा वाइडव्हाइनच्या सुरक्षा-स्तरात सापडते. एल1 स्तरात किल्ली आणि उलगडलेले चित्र प्रोसेसरच्या सुरक्षित कक्षाबाहेर पडत नाही. एल3 मध्ये हे काम निव्वळ सॉफ्टवेअरवर सोपवलेले असल्याने बड्या सेवा अशा फोनला सहसा एचडी देत नाहीत. कित्येक फोनांत बूटलोडर (फोन सुरू करणारा, एरवी कुलूपबंद असलेला प्रोग्रॅम) खुला करताच एल1 चा एल3 होतो आणि तोच पडदा धूसर चित्र दाखवू लागतो, हे येथे ध्यानात घ्यावे. कूटबद्ध करण्याची रीतही आड येते. सीबीसीएस ही नवी रीत वाइडव्हाइनवर अँड्रॉइड 7.1 पासून चालते. त्यामुळे सेवेने जुन्या रीतीची प्रत ठेवणे सोडले, की त्याआधीचे फोन बाद होतात.

उपकरण आणि पडदा यांना जोडणाऱ्या एचडीएमआय जोडणीवरील संरक्षणास एचडीसीपी म्हणतात. 4के चित्रासाठी सहसा तिची 2.2 ही आवृत्ती लागते. गोव्यातील एखाद्या देवस्थानच्या सभागृहात जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरला कन्व्हर्टर लावून मराठी नाटकाचा संरक्षित प्रवाह दाखवू गेल्यास अनेकदा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो, कारण व्हीजीएच्या ॲनालॉग संकेतावर एचडीसीपी लागू करता येत नाही. (अशा जाहीर प्रदर्शनाला परवाना लागतोच, तो विषय निराळा.)

हे संरक्षण मोडण्याविषयीची तरतूद कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65ए मध्ये आहे. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी मात्र काही अटींवर सूट आहे.