फ्लाइट सिम्युलेटरमधलं वेट अँड बॅलन्स

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवताना आत माणसं किती, सामान किती, इंधन किती आणि हे सगळं नेमकं कुठे ठेवलंय ते ठरवायची जी सेटिंग असते तिला वेट अँड बॅलन्स म्हणतात. २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये ती फ्युएल अँड पेलोड या नावाने मेनूत होती, मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत विमान निवडतानाच दिसते, एक्स-प्लेन ११ मध्ये सीजी म्हणजे तोलाचा बिंदू मागेपुढे सरकवायला सरळ एक स्लायडर आहे, फुकट मिळणाऱ्या फ्लाइटगियरमध्येही सोय आहे. नाव काहीही असो, प्रश्न दोनच: एकूण वजन किती, आणि त्या वजनाचा तोल विमानाच्या लांबीत कुठे पडतोय. बहुतेक जण पहिला आकडा बघतात आणि दुसरा सोडून देतात, आणि घोटाळा बऱ्याचदा त्या दुसऱ्यातच असतो.

तोल जिथे पडतो तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य, सगळे सीजीच म्हणतात. गणित शाळेतल्या तरफेचंच आहे. विमानावर एक संदर्भरेषा धरतात, तिला डेटम म्हणायचं, प्रत्येक वजन डेटमपासून जितकं लांब तो त्याचा आर्म, वजन गुणिले आर्म म्हणजे मोमेंट, आणि सगळ्या मोमेंटच्या बेरजेला एकूण वजनाने भागलं की सीजी मिळाला.

सेसना १७२एस घ्या, सिममध्ये शिकायला बहुतेकांचं पहिलं विमान हेच असतं. याचा डेटम इंजिनमागच्या फायरवॉलच्या पुढच्या बाजूला आहे, पुढच्या सीटचा आर्म ३७ इंच, मागच्या सीटचा ७३, इंधनाचा ४८, मागच्या सामानाच्या पहिल्या कप्प्याचा ९५. टेकऑफचं कमाल वजन २५५० पौंड, आणि सीजी ४७.३ इंचांच्या मागे जाता कामा नये. रिकामं विमान १६५० पौंड आणि त्याचा सीजी ३९ इंचांवर असं धरू. पुढे दोघं मिळून ३४०, मागे दोघं मिळून ३००, इंधन ४० गॅलन म्हणजे २४० पौंड. बेरीज २५३०, सीजी ४३.६ इंच, सगळं मस्त मर्यादेत. आता पुढे एकटा १५० पौंडांचा पायलट बसवा, मागे दोन दणकट माणसं मिळून ३८०, सामान १२० आणि इंधन फक्त २० गॅलन. वजन भरतं २४२०, म्हणजे आधीपेक्षा ११० पौंड कमी, पण सीजी जातो ४७.४ वर, मर्यादेच्या बाहेर! वजन कमी झालं म्हणून विमान सुरक्षित झालं असं होत नाही ते यामुळे.

सीजी पुढे असला की नाक जड होतं, शेपटीला जास्त खाली दाबावं लागतं, तो दाब पंखांनाच उचलावा लागतो म्हणून स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत) वाढतो, आणि लँडिंगला फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, एलेव्हेटर (शेपटीवरची नाक वर-खाली करणारी फळी) पुरत नाही. मागे असला की उलट, विमान हलकं आणि चपळ वाटतं, क्रूझमध्ये (सरळ उड्डाणात) ड्रॅगही (हवेचा विरोध) थोडा कमी होतो, पण पिचमधली (नाक वर-खाली होण्यातली) स्थिरता घटते आणि स्टॉल किंवा स्पिन (गरगरत खाली जाणं) झाला तर नाक खाली आणणं अवघड होऊन बसतं. नवीन माणसाला मागचा सीजी आधी आवडतो, आणि मग फायनलवर (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात) नाक वर-खाली डोलायला लागलं की तो जॉयस्टिकची सेन्सिटिव्हिटी बदलत बसतो. आधी लोड बघा, सेटिंग नंतर.

घरच्या सिममध्ये हे कळायला अजून एक अडचण आहे. बऱ्याच छोट्या विमानांत तोल बदलला की योकवरचा (विमानाच्या सुकाणूवरचा) जोर हाताला लागतो, पण स्प्रिंगवाल्या साध्या जॉयस्टिकचा मध्य कायम एकाच जागी असतो, त्यामुळे हाताला फारसं काही कळत नाही. म्हणून ट्रिमकडे (हाताने जोर न लावता नाक जागेवर धरणारी सेटिंग) बघायची सवय लावावी: त्याच वेगाला, त्याच पॉवरला आज ट्रिम व्हील नेहमीपेक्षा भलतीकडे उभं असेल तर लोड नक्की तपासावं. आणि मर्यादा मोडली तरी सिम्युलेटर साधारणपणे तुम्हाला थांबवत नाही, फार तर आकडा लाल होतो. तपासणं आपल्याच हातात आहे.

मोठ्या विमानांत सीजी इंचांत सांगत नाहीत, पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या सरासरी रुंदीच्या टक्क्यांत सांगतात; या रुंदीला मॅक म्हणतात, म्हणून मॅकचे टक्के. ७३७-८०० मध्ये हा टक्का विमानातल्या कॉम्प्युटरच्या टेकऑफच्या पानावर भरला की कॉम्प्युटर ट्रिमचा आकडा देतो, तो ट्रिम व्हीलवर लावायचा. ए३२० मध्ये झिरो फ्युएल वेट (इंधन सोडून बाकी सगळं वजन) आणि त्याचा सीजी त्याच्या कॉम्प्युटरमधल्या इनिटच्या (सुरुवातीची माहिती भरायच्या) दुसऱ्या पानावर भरतात. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सिममधल्या टॅबलेटवरून विमान एका वजनाने भरायचं आणि विमानातल्या कॉम्प्युटरला कालच्या फ्लाइटचं वजन सांगायचं. मग अप्रोचचा (उतरतानाचा) वेग चुकीचाच निघतो आणि माणूस विमानाला दोष देतो.

स्वतः विमानाची फाइल उघडून बदल करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये स्टेशन लोडच्या (एकेका सीटवरच्या किंवा कप्प्यातल्या वजनाच्या) ओळीत आधी वजन पौंडांत, मग पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली अशी अंतरं फुटांत असतात आणि पुढची दिशा अधिक धरतात. सेसनाच्या पुस्तकात आर्म इंचांत असतो आणि मागची दिशा अधिक. म्हणजे एकक पण वेगळं आणि चिन्ह पण उलट, सरळ कॉपी केलं की मागचे प्रवासी प्रोपेलरच्या पुढे जाऊन बसतात.

एककांचा गोंधळ खऱ्या विमानातही झालाय. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या ७६७ ला २२,३०० किलो इंधन हवं होतं, हिशेबात पौंडाचा गुणक वापरला गेला आणि निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघालं, वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी ते कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर ग्लायडरसारखं उतरवलं. वजनाचं म्हणाल तर ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेतल्या शार्लटला एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९०० डी टेकऑफनंतर लगेच कोसळलं, २१ जण गेले. एलेव्हेटरची केबल नीट जुळवलेली नव्हती आणि त्यात विमान जास्त भरलेलं, सीजी मागे. त्यानंतर अमेरिकेत प्रवाशांचं सरासरी वजन किती धरायचं याचे आकडे वाढवले गेले.

तोल हवेतही बदलत राहतो. १७२ मध्ये इंधनाच्या टाक्या सीजीच्या जवळच आहेत म्हणून फरक थोडा पडतो, वरच्या पहिल्या उदाहरणात ३० गॅलन जळले तरी सीजी ४३.६ वरून ४३.३ वर येतो, बस. काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानात मात्र आवाजाच्या वेगापलीकडे जाताना लिफ्टचं (पंखांच्या उचलीचं) केंद्र मागे सरकतं, म्हणून फ्लाइट इंजिनिअर इंधन शेपटीतल्या ११ नंबरच्या टाकीत पाठवून सीजी मागे नेत असे आणि वेग कमी करताना परत पुढे आणत असे. सिममध्ये काँकॉर्ड उडवायचं तर हे पंप चालवणं हा उड्डाणाचाच भाग आहे, विसरलात तर एलेव्हॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) सतत वाकलेले राहतात आणि ड्रॅगमुळे इंधन भराभर संपतं.