रक्ताची उलटी आणि अंगदुखीची गोळी

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत अंगदुखीच्या गोळ्या किराणा दुकानातसुद्धा मिळतात. दिवसभर वाकून कंबर धरली की संध्याकाळी एक गोळी, उद्या पुन्हा एक. असं महिनाभर चाललं आणि एक दिवस रक्ताची उलटी झाली, तर घरात उष्णतेचं, पित्ताचं, नाहीतर करणीचं नाव निघतं. गोळीचं नाव बहुधा निघतच नाही.

जठरातलं आम्ल जठरालाच जाळत नाही, कारण आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर असतो आणि अस्तराला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो. हे दोन्ही टिकवून धरतात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं. सांध्यात सूज आणि ठणका वाढवण्यातही त्यांचाच हात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. कंबर मोकळी होते, पण जठर उघडं पडतं. म्हणूनच ‘गोळी नको, सुई टोचा, म्हणजे पोट बिघडत नाही’ या समजुतीत तथ्य नाही. सुईतलं औषधही रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच. जेवून गोळी घेतल्यानं जळजळ कमी होईल, व्रण (अस्तराला पडणारी जखम, म्हणजेच अल्सर) टळेलच असं नाही. सोबत स्टेरॉइडची गोळी असेल, तर धोका आणखी वाढतो. आणि असा व्रण दुखेलच याची खात्री नसते; कित्येकदा पहिली खूण थेट रक्तस्रावाचीच. नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामॉल मात्र या गटात मोडत नाही.

व्रणाचं दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२च्या सुमारास तो जठरात शोधला; कोणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सावजी रश्श्यानं जळजळ होते हे कबूल, पण व्रणाचा दोष भिवापुरी मिरचीवर टाकण्यात अर्थ नाही.

उलटी लालभडक असेल तर रक्त ताजं, आणि बहुधा वेगानं वाहणारं. ते जठरात थोडा वेळ राहिलं की आम्लामुळे हिमोग्लोबिन काळपट होतं आणि उलटी चहाच्या चोथ्यासारखी दिसते. ‘लाल नाही ना, मग रक्त नाही’ असं म्हणून लोक इथेच फसतात. रक्त पुढे आतड्यांत उतरलं, तर संडास काळीकुळकुळीत, चिकट आणि उग्र वासाची होते. त्याला ५० ते १०० मिलिलिटर रक्त पुरतं. ही काळी संडास कधी कधी उलटीच्या दोन-तीन दिवस आधीच सुरू होते. विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळसर होते, पण ती अशी चिकट आणि घाण वासाची नसते. खोकल्याबरोबर फेसाळ लाल रक्त पडलं तर ते सहसा फुप्फुसातलं, तिथे क्षयरोगाची तपासणी हवी. मे महिन्यात पोराचा घोळणा फुटून गिळलेलं रक्तही उलटीतून पडू शकतं.

सगळ्यात घातक उलटी यकृताच्या रुग्णाची. दारू असो, मोहाची की देशी, किंवा हिपॅटायटिस बी-सी, यांनी यकृत निबर झालं की आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून नीट वाहत नाही. दाब वाढतो, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि एखादी फुटते. पोटात काहीही न दुखता तांब्याभर रक्त पडतं. दुर्बिणीतून त्या शिरेला रबराची कडी बसवतात, पण ही सोय तालुक्याच्या दवाखान्यात सहसा नसते.

अशा वेळी माणसाला डाव्या कुशीवर झोपवा, १०८ला फोन करा. दूध, कांद्याचा रस, जडीबुटी, काहीच पाजू नका. पोट रिकामं असेल तर दुर्बीण लवकर घालता येते. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं वाईट, कारण रक्तदाब उतरलेला माणूस बसल्या बसल्या बेशुद्ध पडतो. नाडी जलद, हातपाय थंड, उभं राहताच भोवळ, ही रक्त बरंच गेल्याची लक्षणं. झोपलेल्या माणसाचा रक्तदाब अनेकदा तीस टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत टिकून राहतो. तसंच हिमोग्लोबिनचं. रक्त जसंच्या तसं बाहेर पडतं, उरलेलं पातळ व्हायला काही तास लागतात, म्हणून सुरुवातीच्या तपासणीत ११ आलं तरी निर्धास्त होऊ नये.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच. त्यांचं हिमोग्लोबिन मुळातच ७-८च्या घरात असतं, आणि कळा येतात म्हणून दुखण्याच्या गोळ्याही त्यांच्याच पोटात जास्त जातात. इतरांना सोसेल एवढा रक्तस्राव त्यांना सोसत नाही. दवाखान्यात पोचल्या पोचल्या सिकलसेलचं कार्ड आणि खाल्लेल्या गोळ्यांचं पाकीट, दोन्ही डॉक्टरांच्या हातात द्या.