सर्दी, खोकला, ताप : गोळी मागायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात एकदा आणि मग जानेवारी ते मार्चमध्ये परत, आपल्या मेडिकलवर सकाळी शटर उघडलं की एकच मागणी असते, भाऊ सर्दीची गोळी दे, खोकल्याची बाटली दे, अन् ते ताकदवालं कॅप्सूल पण दे. गर्दीत प्रत्येकाला नीट समजावून सांगणं होत नाही म्हणून हा कागद छापून घेतला. घरी न्या, पोरापोरींना सांगा आजीला अन् काकाजीला वाचून दाखवायला.

आपण म्हणतो दही खाल्लं म्हणून सर्दी झाली, सीताफळ खाल्लं म्हणून झाली, वावरातून भिजून आलो म्हणून झाली. तसं नाही आहे. सर्दी होते व्हायरसमुळे, आणि तो बहुतेक वेळा आपल्याला दुसऱ्या माणसाकडूनच मिळतो. फ्लू, कोरोना, आरएसव्ही, रायनोव्हायरस, नावं वेगवेगळी पण यायचा रस्ता जवळपास तोच, नाक, तोंड आणि डोळे. थंडीत जास्त का होते तर थंडी वाजते म्हणून आपण दारं खिडक्या लावून सगळे एकाच खोलीत बसतो, हे त्याचं एक मोठं कारण.

खोकलं, शिंकलं की तोंडातून थेंब उडतात हे सगळ्यांना माहीत आहे. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. पण त्याच्यासोबत इतके बारीक कण निघतात की ते दिसत नाहीत, अन् ते नुसतं बोलताना, भजनात मोठ्यानं गाताना, साधा श्वास सोडताना पण निघतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. बिडीचा धूर आठवा. कोणी खोलीत बिडी पेटवली तर दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्याला पण वास येतो, तीच बिडी अंगणात ओढली तर धूर लगेच विरून जातो. व्हायरसचं पण असंच आहे. गोवराचा व्हायरस तर माणूस निघून गेल्यावरही दोन तासापर्यंत त्या खोलीच्या हवेत राहू शकतो.

माझ्याच घरचं सांगतो. मागच्या थंडीत लग्नाला गेलो, काळी-पिवळीत कोंबून बसलो होतो, गार वारा लागते म्हणून दोन्हीकडचे काच बंद, अन् मागच्या सीटवर एक पाहुणे सारखे खोकलत होते. दीड तासाचा प्रवास. तिसऱ्या दिवशी आमच्या घरातले तिघं तापानं पडले, आईला तर आठ दिवस उठता आलं नाही. औषधाच्या दुकानात बसतो मी, मला तरी काच खाली करा म्हणायचं सुचायला पाहिजे होतं, नाही सुचलं. म्हणून आता ज्याला त्याला हेच सांगतो की गाडीत निदान दोन बाजूचे काच चार बोटं तरी उघडे ठेवा, कानाला दुपट्टा बांधा पण हवा खेळती ठेवा.

घरात कोणी आजारी असलं तर त्याची खाट खिडकीजवळ किंवा ओसरीत टाका, आडोसा करा, पांघरूण जास्त द्या, पण लहान लेकरू आणि म्हातारी माणसं त्याच्या बाजूला झोपवू नका. शेकोटी बाहेर पेटवा. दार लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं तर अजिबातच नको, त्याच्या गॅसनं झोपेतच जीव जातो.

आता हात. शिंक हातावर घेतली, त्याच हातानं दाराची कडी, मोबाईल, एसटीचा दांडा धरला, मग दुसऱ्यानं तिथं हात लावून नाक चोळलं की झालं. फ्लूचा व्हायरस स्टील प्लास्टिकवर एक-दोन दिवस राहू शकतो. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे सुपारी-तंबाखूचा खर्रा. एकानं पन्नीत घोटायचा, तिघाचौघांनी त्यातूनच चिमूट घेऊन तोंडात टाकायची, मग जिथं तिथं थुंकायचं. खर्रा मुळातच सोडा, पण निदान हा वाटून खायचा प्रकार तरी बंद करा, कळकळीनं सांगतो. शिंक आली तर कोपरात घ्या. हात साबणानं २० सेकंद चोळून धुवा, साधा अंगाचा साबण पण चालते, महागडं काही लागत नाही. सॅनिटायझर घेतलंच तर ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं घ्या.

मास्कबद्दल विचारतात. दुपट्टा किंवा ओढणी बांधली तर मोठे थेंब अडतात, बारीक कण बरेचसे निघून जातात. दवाखान्यात किंवा आजारी माणसाजवळ बसायचं असलं तर एन-९५ घ्या, नाकावर दाबून नीट बसवा, बाजूनं फट राहिली तर उपयोग कमी होते. ज्याला खोकला आहे त्यानं स्वतः लावला तर सगळ्यात बरं.

फ्लूचा माणूस त्रास सुरू व्हायच्या एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला देऊ शकतो आणि नंतर पाच ते सात दिवस देत राहतो, लेकरं अजून जास्त दिवस. म्हणून ताप असताना शाळेत, अंगणवाडीत पाठवू नका. कापूस वेचायला जाऊ नका म्हणणं सोपं आहे, रोजी बुडते हे मला माहीत आहे, पण निदान दोन दिवस तरी जेवायला अन् पाणी प्यायला बाकीच्यांपासून बाजूला बसा.

ते ताकदवालं कॅप्सूल म्हणजे अँटिबायोटिक. ते बॅक्टेरिया नावाच्या जंतूंवर चालते, व्हायरसवर काहीच करत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आम्ही देणार नाही, राग मानू नका. लहान लेकरांची खोकल्याची बाटली पण चिठ्ठीशिवाय मागू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधानं वीसच्या वर लेकरं गेली, त्यातली बरीच नागपूरला भरती होती. दोन वर्षाच्या आतल्या लेकराला असं औषध द्यायचंच नाही असं सरकारनं पण सांगितलं आहे. सहा महिन्यांच्या वरच्याला कोमट पाणी द्या, अंगावर पिणाऱ्याला दूध देत राहा. एक वर्षाच्या खालच्याला मध चाटवू नका.

दवाखान्यात कधी पळायचं हे मात्र पाठ करा. लेकरू शांत असताना पोटाकडं पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्याच्या आतलं असलं तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्ष ४० किंवा जास्त भरले तर लगेच निघा. छाती आत ओढली जात असली, दूध पित नसलं, सुस्त पडलं असलं तर मोजत पण बसू नका, १०८ ला फोन लावा. मोठ्या माणसाला दम लागला, ओठ निळे पडले, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तरी तसंच. गरोदर बाई, शुगरवाले, आणि आपल्या भागात सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत, त्यांनी पहिल्याच तापाला डॉक्टर गाठायचा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, टीबीची तपासणी फुकट आहे.

लेकरांना न्यूमोनियाची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, गोवराची पण, तारीख आशाताईंना विचारा.

थर्मामीटर आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन काउंटरवर ठेवलं आहे, येऊन तपासून घ्या, त्याचे पैसे नाही. खोकला असला तर आत येऊ नका, बाहेरच्या बाकड्यावर बसा, आम्हीच बाहेर येतो.