घरझडती, पंच आणि बंदुकीचा परवाना

पोलिसांनी घरावर छापा घातला तर घरमालकाने काय करावं, हा प्रश्न नाशिकला जुना आहे. मार्च १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना अटक झाली, घराची झडती झाली आणि बॉम्ब कसा बनवायचा याची टंकलिखित प्रत पोलिसांच्या हाती लागली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. पिस्तूल ब्राउनिंगचं होतं, लंडनहून लपवून आणलेलं. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

पिस्तूल लपवून आणावं लागे ते १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे. व्हाइसरॉय लिटनच्या त्या कायद्याने हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना सक्तीचा केला, युरोपियनांना मात्र सूट दिली. हा अपमान लोक विसरले नाहीत. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत मांडला.

तो राज्यघटनेत मात्र आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. प्रत्येकाला बाजारातून मोकळेपणी हत्यारं घेता आली तर राज्य चालणार कसं, असा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप होता. दुरुस्ती फेटाळली गेली. माझ्या मते ते योग्यच झालं. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला, परवाना कायम राहिला.

पण बंदुकीचा हक्क नाही म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क नाही, असं नव्हे. तो १८६० च्या दंडसंहितेत होता, आज भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्याला रोखताना त्याचा जीव गेला, तरी कायदा घरमालकाच्या बाजूने उभा राहू शकतो. पोलिसांसाठी वेगळा नियम आहे. सद्भावनेने, पदाच्या नात्याने आलेल्या सरकारी नोकराविरुद्ध हा हक्क चालत नाही, त्याची कृती कायद्यात काटेकोर बसत नसली तरी. अपवाद फक्त मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तेव्हाचा.

न्याय संहितेतल्या कलम ३७ चं स्पष्टीकरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. समोरचा सरकारी नोकर आहे हे माहीत नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर हक्क शाबूत राहतो. तोतया पोलिसांच्या बातम्या वाचणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. साध्या वेशातला माणूस ओळखपत्र न दाखवता कडी तोडू लागला, तर त्याचा स्वतःचाही जीव धोक्यात येतो.

स्वतंत्र भारतात घराचं संरक्षण वाढलं ते न्यायालयांमुळे. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाळतीवरच्या माणसाच्या घरी पोलिसांनी रात्री जाण्याची तरतूद रद्द केली. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

झडतीच्या वेळी घरातल्याला हजर राहू द्यावं लागतं, बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. शेजारपाजारचे दोन पंच कपाटाजवळ उभे राहतात, एकेक डबा उघडला जातो, जप्त वस्तूंची यादी होते, पंच सही करतात आणि यादीची प्रत घरमालकाला मिळते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १०५ ने या सगळ्याचं चित्रीकरणही सक्तीचं केलं असून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं.