पार्श्वभूमी : सिनिकल माणूस आला कुठून?

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण सगळ्यांनाच पाठ असते. सिनिकल माणूस तिच्याही एक पाऊल पुढे जातो. दिसतं त्यामागे काय दडलंय हे आपल्याला आधीच ठाऊक आहे आणि ते बहुतेक वेळा स्वार्थच असतं, असा त्याचा दावा असतो. देणगी दिली ती नावासाठी, मदत केली ती परतफेडीच्या हिशेबाने, आंदोलन केलं ते तिकिटासाठी. वादात अशा माणसाचं पारडं जड वाटतं, कारण चारचौघांत भोळं ठरायला कुणालाच आवडत नाही. पण हा दावा सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा केला गेला तेव्हा त्याला एक कडक अट होती. जे खोटं म्हणून ओळखलं, ते आधी स्वतःच्या जगण्यातून काढून टाकायचं. ही अट हळूहळू कशी गळून पडली, हाच मला सिनिसिझमच्या इतिहासातला खरा धागा वाटतो.

सुरुवात अथेन्समधली. सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनिस याच्याकडे तत्त्वज्ञांच्या सिनिक पंथाचं मूळ दाखवलं जातं, पण पंथाला चेहरा दिला तो डायोजिनिसने. काळ्या समुद्राच्या काठावरचं सिनोपे हे त्याचं गाव. वडील सराफीच्या धंद्यात होते. नाण्यांमध्ये काही फेरफार झाला आणि त्या प्रकरणात डायोजिनिसला गाव सोडावं लागलं, असं त्याचा चरित्रकार सांगतो. हा चरित्रकार, डायोजिनिस लाएर्शियस, पाचशेहून अधिक वर्षांनंतरचा. त्याने या घटनेच्या तीन-चार कथा दिल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. खुद्द डायोजिनिसचं लिखाण उरलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट ऐकीव धरूनच वाचावी लागते. या गोष्टीला मात्र एक ठोस जोड आहे. सिनोपेची त्या शतकातली, छिन्नीने खाचलेली नाणी सापडली आहेत. खोटी नाणी बाजारातून बाद व्हावीत म्हणून ती खाचली असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

पुढे हेच त्याच्या तत्त्वज्ञानाचं ब्रीद झालं. समाजात चालणारं नाणं म्हणजे प्रतिष्ठा, घराणं, संपत्ती, लाजेच्या कल्पना. ते खणखणीत आहे की नुसता मुलामा, हे पाहायचं आणि खोटं निघालं तर बाद करायचं.

प्लेटोशी त्याचे खटके उडत, ते याच मुद्द्यावर. वास्तव म्हणजे काय हा प्रश्न दोघांनाही छळत होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात गुहेतले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात. खरं पाहायचं तर गुहेतून वर, कल्पनांच्या उजेडात जावं लागतं. डायोजिनिसला हा मार्ग मान्य नव्हता. चरित्रकाराने नोंदवलेला एक प्रसंग असा आहे : मला टेबल दिसतं, पेला दिसतो, पण तुझं ते ‘टेबलपण’ आणि ‘पेलेपण’ कुठे दिसत नाही, असं डायोजिनिस म्हणाला. त्यावर प्लेटोने सांगितलं की, टेबल आणि पेला पाहायला लागणारे डोळे तुझ्याकडे आहेत, टेबलपण पाहायला लागणारी बुद्धी नाही. या दोन-चार वाक्यांत पुढच्या कितीतरी शतकांचं भांडण सामावलं आहे. एकासाठी वास्तव डोळ्यांच्या पलीकडे होतं. दुसऱ्याला ते डोळ्यांसमोरच दिसत होतं, फक्त त्यावर माणसांनी रूढींची पुटं चढवली होती.

ती पुटं खरवडण्याचा प्रयोग त्याने स्वतःवर केला. तो मातीच्या मोठ्या रांजणात राहिला. एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहिल्यावर जवळचा पेलाही टाकून दिला. अलेक्झांडरने काय हवं ते माग म्हटल्यावर त्याला उन्हातून बाजूला व्हायला सांगितल्याची गोष्ट जगभर माहीत आहे. मला त्याहून मोठी वाटते ती हिपार्कियाची निवड. सुखवस्तू घरातली ही तरुणी घरच्यांचा विरोध पत्करून थीब्सच्या क्रेटिस या सिनिकाबरोबर हेच खडतर आयुष्य जगली, आणि तेही बायकांनी घरात राहायचं अशा काळात. त्याच क्रेटिसचा शिष्य झेनो पुढे स्टोइक या तत्त्वज्ञान-पंथाचा संस्थापक झाला.

पण साधेपणाचाही वेष होऊ शकतो. झोळी, काठी आणि जाडंभरडं वस्त्र एवढं जमवलं की कुणीही सिनिक म्हणून मिरवू लागला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक लूशियन अशा दिखाऊ सिनिकांवर तुटून पडतो. पेरेग्रिनस नावाच्या सिनिकाने इसवी सन 165 च्या ऑलिम्पिक खेळांच्या वेळी जाहीर करून स्वतःला जाळून घेतलं. ते आपण डोळ्यांनी पाहिलं असं लूशियन सांगतो आणि त्यामागे निव्वळ प्रसिद्धीची हाव होती असा निष्कर्ष काढतो. म्हणजे सिनिकाच्याच हेतूवर इथे सिनिकल नजर रोखली गेली. ती नजर न्याय्य होती का, हे ठरवायला आपल्याकडे मुख्यतः लूशियनचीच साक्ष आहे. त्याच लूशियनने सिनिक वळणाच्या डेमोनॅक्सबद्दल मात्र अतिशय आदराने लिहिलं. पंथ वाईट, असं त्याचं म्हणणं नव्हतं.

यानंतर मोठी झेप घेऊन थेट युरोपातल्या दरबारांत येऊ. इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीने 1513 मध्ये लिहिलेल्या ‘द प्रिन्स’मध्ये, तुम्ही कसे दिसता हे सगळे पाहतात, कसे आहात हे थोड्यांनाच कळतं, असं राज्यकर्त्याला बजावलं आहे. ला रोशफूको हा फ्रेंच सरदार राजसत्तेविरुद्धच्या बंडात लढला, 1652 मध्ये चेहऱ्याला गोळी लागून त्याची दृष्टी जाता जाता राहिली. 1665 मध्ये त्याची ‘मॅक्झिम्स’ ही छोट्या वचनांची वही छापून आली. आपले सद्गुण बहुतेक वेळा वेष बदललेले दुर्गुणच असतात, हे तिचं सूत्र. तिथे फरक पडला. निरीक्षण डायोजिनिसइतकंच धारदार होतं, पण आता रांजणात जाऊन राहायची गरज उरली नव्हती. मुखवटे ओळखण्याचं कसब हेच दरबारी बैठकींचं भूषण झालं.

या बदलाचं सर्वांत अचूक चित्र अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक दिदरो याच्या ‘रामोचा पुतण्या’ या संवादात आहे. तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. 1805 मध्ये कवी गटेच्या जर्मन भाषांतरातून तो आधी जगापुढे आला आणि तत्त्वज्ञ हेगेलनेही त्याची दखल घेतली. यातला पुतण्या श्रीमंतांच्या पंगतीला बसून त्यांची खुशामत करतो, आणि आपण खुशामत करतो हे मोकळेपणाने सांगतो. समाजात प्रत्येक जण कुणापुढे तरी वाकून नाचतोय, असं तो अभिनयासह दाखवतो. त्याचं एकही निरीक्षण खोडून काढता येत नाही. हा नाच न नाचणारा माणूस म्हणून संवादातला दुसरा बोलणारा, म्हणजे तत्त्वज्ञ, डायोजिनिसचं नाव घेतो, पण पुतण्याला चांगलंचुंगलं जेवण सोडायचं नाही. सगळं दिसतंय, आणि तरी काहीच बदलायचं नाही. आजचा सिनिकल माणूस मला या पुतण्याच्या कुळातला वाटतो.

1983 मध्ये जर्मन विचारवंत पेटर स्लोटरडाइक याने हाच मुद्दा मोठ्या ग्रंथात मांडला. प्राचीन, उद्धट, अंगावर धोका घेणारा सिनिक एकीकडे आणि सगळं कळूनही निमूट नोकरी करणारा आधुनिक सिनिक दुसरीकडे. या आधुनिक सिनिकाच्या मनोवस्थेला त्याने ‘प्रबुद्ध मिथ्या जाणीव’ म्हटलं, म्हणजे खोटं आहे हे कळूनही त्यातच राहणारी जाणीव. पुढच्याच वर्षी फ्रेंच विचारवंत मिशेल फूको याने पॅरिसमधल्या आपल्या अखेरच्या व्याख्यानांत प्राचीन सिनिकांचा विषय घेतला. सत्य बोलण्याची किंमत स्वतःच्या शरीराने आणि जगण्याने मोजणारे म्हणून तो त्यांच्याकडे पाहत होता. जूनमध्ये त्याचं निधन झालं.

उरतो मूळ दावा : सिनिकल माणसाला वास्तव खरंच जास्त स्पष्ट दिसतं का? ओल्गा स्टाव्रोवा आणि डॅनियल एलेब्राख्त या संशोधकांनी 30 देशांतल्या सुमारे 2 लाख लोकांची माहिती घेऊन हे तपासलं. सिनिकल माणसं जास्त हुशार असतात असा लोकांचा समज आढळला. प्रत्यक्षात बौद्धिक चाचण्यांमध्ये ती सरासरीने मागे होती. त्याहून बोलका निष्कर्ष पुढचा आहे. ज्यांची क्षमता जास्त, त्यांचा अविश्वास परिस्थितीप्रमाणे बदलत होता. भोवतालचा समाज अविश्वास ठेवण्याजोगा असेल तिथेच ते सिनिकल होत. क्षमता कमी असलेले मात्र परिस्थिती कशीही असो, सरसकट सिनिकल होते.