पार्श्वभूमी : ‘आंशिक’ या शब्दाशी अडलेलं औषध

गणपतीला चाकरमानी गावी आले, अंगणात गप्पांना बसले, की एखाद्या घरात हे ऐकू येतं : ‘आमच्याकडच्या बायकांचे पाय असेच.’ पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या शिरा, हातपाय सडसडीत आणि पीळदार, पण गळा आणि चेहरा भरलेला. आजीला साखर, आत्याला साखर, मावळणीच्या मुलीलाही तिशीच्या आत साखर. पुरुषात हीच ठेवण असली तर तक्रार राहोच, उलट कबड्डीचा गडी म्हणून कौतुक होतं. बहुतेक घरांत ही नुसती अंगकाठीच असते. फार थोड्या घरांत मात्र ती आनुवंशिक आंशिक लिपोडिस्ट्रॉफी असते. वयात येताना हातापायांची, नितंबांची चरबी विरत जाते आणि साठायला जागा न उरलेली चरबी रक्तात, यकृतात जाऊन बसते. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला ती येण्याची शक्यता निम्मी.

या आजाराची वर्णनं १९७० च्या दशकातली. जबाबदार जनुकांपैकी पहिलं २००० साली सापडलं. औषधाची गोष्ट १९९४ मध्ये सुरू होते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात हे त्या वर्षी कळलं आणि लठ्ठपणावर रामबाण उपाय हाती आल्याचा बराच गाजावाजा झाला. तो फुसका निघाला, कारण लठ्ठ माणसांत लेप्टिनची मुळात कमतरता नसते. ज्यांच्या अंगात चरबीच नाही त्यांना मात्र ते लागू पडलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अवघ्या नऊ स्त्रिया होत्या, पण चार महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा त्यांचा एचबीए१सीचा आकडा जवळपास दोन टक्के-अंकांनी उतरला आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, निम्म्याहून खाली आलं. त्यातूनच मेट्रेलेप्टिन हे रोज टोचून घ्यायचं औषध उभं राहिलं.

पुढचा सगळा घोळ एका शब्दाचा आहे. जपानने २०१३ मध्ये हे औषध लिपोडिस्ट्रॉफी या एकाच नावाखाली मान्य केलं. अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागार मंडळाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आजाराचे दोन भाग केले. सर्वांगीण प्रकार, म्हणजे जवळजवळ सगळीच चरबी नाहीशी झालेले रुग्ण, त्यांना होकार. आंशिकला नकार. फेब्रुवारी २०१४ च्या मंजुरीत हीच रेघ कायम राहिली.

नकारामागे कारणं होती, ती उडवून लावण्यासारखी नव्हती. काही रुग्णांचं शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत होतं, लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाची, काही उदाहरणं नोंदली गेली होती. आंशिक प्रकारात लेप्टिन प्रत्येकाचं कमी असतंच असं नाही, त्यामुळे सरासरी गुण फिका दिसत होता. पण सरासरी कुणाची काढली, हा खरा वादाचा मुद्दा. ज्या आंशिक रुग्णांची साखर आणि ट्रायग्लिसराइड हाताबाहेर गेलेली, ज्यांना स्वादुपिंडाचा दाह पुन्हा पुन्हा होत होता, त्यांना गुण येत होता. सौम्य रुग्णांत मिसळल्यावर तो आकड्यात बुडाला. २०१८ मध्ये युरोपीय नियामकाने हाच आजार, हेच औषध हाताळताना १२ वर्षांवरच्या आणि नेहमीच्या उपचारांनी आटोक्यात न येणाऱ्या आंशिक रुग्णांसाठी दार उघडलं. माझ्या मते शहाणपणा यात जास्त होता. शरीराच्या किती भागातली चरबी गेली यापेक्षा आजार किती बिघडला आहे, हे त्यांनी पाहिलं.

बाजाराच्या दृष्टीने ही रेघ लाखमोलाची. रुग्णनोंदींवरून काढलेल्या एका अंदाजात दहा लाखांत सर्वांगीण प्रकाराचा एकही पुरा रुग्ण भरत नाही, आंशिकचे तिघांच्या आसपास निघतात. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून लोकसंख्या साडेचोवीस लाखांवर, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत सात-आठ जण. पण जनुकांच्या मोठ्या नोंदी चाळल्या तेव्हा प्रमाण कित्येक पट जास्त निघालं. बाकीचे मधुमेहाच्या ओपीडीत बसलेले असतात.

भारतात २०१९ च्या नियमांनी पाच लाखांहून जास्त लोकांना नसलेल्या आजाराच्या औषधाला ऑर्फन ड्रगची व्याख्या दिली. २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण आलं. मे २०२२ मध्ये सरकारी मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाख रुपये झाली, तीही ठरावीक आजारांना आणि ठरावीक केंद्रांत. कोकणातल्या माणसाला जवळचं केंद्र म्हणजे परळचं महापालिकेचं रुग्णालय. संध्याकाळी सावंतवाडीला तुतारी एक्स्प्रेस पकडायची, पहाटे दादरला उतरायचं. आणि औषध हाती आलं तरी ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या गावांत किती दिवस वीज नव्हती, हे तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

म्हणून इथल्या बाजाराचं भवितव्य मेट्रेलेप्टिनच्या भावापेक्षा सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या आणि वजन उतरवणाऱ्या औषधाच्या भावावर जास्त अवलंबून आहे, असं मला वाटतं. त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. लिपोडिस्ट्रॉफीत त्याचे अनुभव अजून छोट्या गटांतलेच आहेत, पण ते तालुक्याच्या दुकानात मिळू शकतं. आज चालतं ते साखरेवरचं मेटफॉर्मिन, ट्रायग्लिसराइडवरचं फेनोफायब्रेट आणि इन्सुलिन. इन्सुलिनची ४० युनिट प्रति मिलीची दहा मिलीची बाटली म्हणजे ४०० युनिट. या आजारात दिवसाला २०० युनिट लागणारे रुग्ण असतात. अशा घरातलं कुणी दर दोन दिवसांनी रिकामी बाटली घेऊन काउंटरवर उभं राहतं, आणि दुकानदार विचारतो, ‘घरात किती जणांना आहे?’